द्रौपदाबाईंचा हात

"त्याले आडवं टाकू नको वं माय! दूध पियेल पोऱ्या शे तो, गहूनं पोतं नही!"

असं ओरडत माझ्या सासूने, द्रौपदाबाईंनी, बाळंतिणीच्या हातातून बाळ काढून घेतलं आणि खांद्याला लावलं. बाळंतीण म्हणजे पाचोऱ्याच्या झुंबरलालशेठची लेक लाडकुंवर. सासर धुळ्याचं, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. बिचारी अशी काही दचकली, की मलाच हसू आलं. मी शिवलेली झबली-टोपडी द्यायला गेले होते. शिवणयंत्र माझं, मालिश सासूची, त्यामुळे ज्या घरात पाळणा हलेल तिथे आम्ही दोघी पोचायच्याच.

मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांच्यासारखी तोऱ्याची बाई मी दुसरी पाहिली नाही. पाचोऱ्यातली अर्धी पोरं आपल्या पायांवर लोळून मोठी झाली, हे त्या चारचौघांत सांगायच्या, आणि ते खोटं नव्हतं. भाजीबाजारात एखादा मिशाळ भाजीवाला दिसला, की त्याला सगळ्यांदेखत म्हणायच्या, "भिकन, तुले मी उलटा टांगीसन न्हाऊ घालेल शे, आते मले वांगा महाग देस का?" भिकन मुकाट्याने भाव कमी करायचा.

त्यातही दूध टाकणारी पोरं ही त्यांची खासियत. पोर प्यायलं की ओकतं, पाठीची कमान करून रडतं, अशी तक्रार घेऊन लांबलांबून बाया यायच्या. आत्याबाई पाटावर बसून पाय लांब करायच्या, पोराला पालथं पायांवर घ्यायच्या, कोमट तिळाचं तेल तळव्यावर घासायच्या आणि दोन बोटं मणक्याच्या दोन्ही अंगांनी मानेपासून माकडहाडापर्यंत उतरवायच्या. पाहणाऱ्याला वाटावं, ही बाई काही करतच नाही. मीही लग्न होऊन आले तेव्हा तसंच म्हणाले होते. तर म्हणाल्या, "मी हाड बसाडत नही, मी हाडले समजाडस. समजाडाले जोर लागत नही." मग आईला दटावणं ओघानेच आलं. थोडं थोडं पाज, प्यायल्यावर उभं धर, ढेकर आल्याशिवाय झोळीत टाकू नको. बहुतेक पोरं पंधरा दिवसांत हसतखेळत व्हायची. ती आत्याबाईंच्या बोटांनी व्हायची की उभं धरल्याने, की आपोआपच, देव जाणे. पण नाव व्हायचं आत्याबाईंचं.

लाडकुंवरचा मुलगाही आधी तसाच, साधा गुळण्या टाकणारा. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आठ दिनमा दूध पोटमा ठरी. नही ठरनं तर मना नाव बदली टाका."

लाडकुंवरची आई पानबाई. घरात त्यांचाच शब्द चालायचा. झुंबरलालशेठ दुकानात गिऱ्हाइकावर डाफरायचे आणि माजघरात आले की टोपी हातात घेऊन उभे राहायचे. पानबाईंचा तीन गोष्टींवर विश्वास होता: देव, जुनी रीत आणि द्रौपदाबाई. त्यामुळे आत्याबाईंचा तोरा त्या घरात जरा जास्तच.

आठ दिवस झाले. दूध ठरलं नाही. उलट उलटीची तऱ्हाच बदलली. पोर प्यायचं आणि थोड्या वेळाने असं जोरात टाकायचं, की समोरच्या कपाटाला शिंतोडे लागायचे. टाकलं की पुन्हा भुकेने आकांत. पुन्हा पाजायचं, पुन्हा तेच. लाडकुंवर रडकुंडीला आली.

"मावशी, डॉक्टरला दाखवू या ना एकदा," ती हळूच म्हणाली.

आत्याबाई फणकारल्या. "सव्वा महिना बाळंतीण नी बाळ उंबरठाबाहेर जात नही. वारं लागनं म्हंजे मग मले बोलू नको. मी शे ना अठे?"

झुंबरलालशेठ म्हणाले, डॉक्टरांना घरीच बोलावतो. पानबाईंनी त्यांना तिथेच अडवलं. "सुवेर चालू आहे, बाळंतपणाचा विटाळ. परका पुरुष जापेच्या खोलीत, बाळंतिणीपाशी येणार? आणि द्रौपदा म्हणते ना होईल बरं, मग तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

शेठ टोपी घालून दुकानात गेले.

मी हे सगळं पाहत होते आणि मलाही काही वावगं वाटत नव्हतं, खरं सांगते. माझी स्वतःची दोन पोरं त्याच पायांवर वाढलेली. आत्याबाई चुकतील हे माझ्या मनात यायलाच जागा नव्हती.

मग तो दिवस आला. सकाळची उन्हं खिडकीतून आत आली होती. मी बाळाच्या लंगोटांचा गठ्ठा घेऊन गेले, तर आत्याबाई पाटावर बसलेल्या, पोर पायांवर उताणं. नुकतंच पाजलेलं. दोन दिवस मी त्याला पाहिलं नव्हतं. मांड्यांची कातडी सुरकुतलेली, टाळू आत गेलेली, आणि डोळे म्हाताऱ्या माणसाचे.

आत्याबाईंनी बेंबीच्या वर हात ठेवला. पोराच्या पोटावर डावीकडून उजवीकडे एक लाट सरकत गेली. कातडीखालून काहीतरी चालत जावं तशी. त्यांनी उजवीकडे बरगडीच्या खाली बोट टेकवलं, उचललं, परत टेकवलं.

आणि त्यांचा हात थांबला.

सोळा वर्षं झाली होती मला त्या घरात येऊन. पोर किंचाळो, मुतो, आई भोवळ येऊन पडो, आत्याबाईंचा हात थांबलेला मी कधी पाहिला नव्हता.

"काय झालं?" पानबाईंनी विचारलं.

"अठे बोरएवढी गाठ शे," आत्याबाई म्हणाल्या. "मले माहीत नही हाई काय शे ते. पोऱ्याले डाक्टरकडे ली चला. आते, हाईच घडी."

"अगं, सव्वा महिना कुठे झालाय? विहिरीवर जाऊन जलवा पूजायची आहे अजून. तूच म्हणालीस उंबरा ओलांडायचा नाही."

"मीच सांगेल व्हतं."

"आठ दिवसांत बरा होईल म्हणालीस."

"ते बी मीच सांगेल व्हतं. मनी चूक व्हयनी, पानबाई."

पानबाईंचं तोंड लाल झालं. पण ती बाई कच्च्या गुरूची चेली नव्हती. त्यांनी नेमका प्रश्न विचारला.

"तेव्हा चुकलीस, तर आता बरोबर सांगतेस कशावरून? चार दिवस अजून तेल लाव. इतक्याशा पोराला नेऊन कापाकापी करतील ते. तुझ्या हाताला गुण आहे, सगळं गाव म्हणतं."

आत्याबाईंनी पोर उचलून खांद्याला लावलं आणि उभ्या राहिल्या. "गाव म्हनस. पण मना हात म्हनस का हाऊ मनं काम नही. जनमभर मी मना हातनी बढाई मारी. आज त्याना विरुद्ध बोली राहिनू, ते का उगाच? मना नाव जाई ते जाऊ द्या. पोऱ्या जावाले नको."

पानबाई दारात आडव्या झाल्या. खरंच आडव्या झाल्या, दोन्ही हात चौकटीला लावून. मी म्हटलं, आता होतंय महाभारत. तेवढ्यात लाडकुंवर खाटेवरून उतरली. डोक्याला बांधलेलं फडकं सोडून तिने फेकलं आणि आईसमोर जाऊन म्हणाली, "मां, सरक. माझा मुलगा आहे."

पानबाई सरकल्या. उंबरठा आधी आत्याबाईंनी ओलांडला, पोराला छातीशी धरून, त्याच्या तोंडावर पदर ओढून. मागून लाडकुंवर. मी धावत दुकानात गेले. शेठनी गल्ला उघडा टाकून कापूसवाल्याची जीप आणली आणि पानबाईंसकट आम्ही सगळे जळगावला निघालो.

जळगावच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावताच नर्सला हाक मारली. मग आमच्याकडे वळून सांगितलं, "जठराचं खालचं तोंड आवळून बंद झालंय. दूध पुढे सरकतच नाही. ऑपरेशन करावं लागेल, पण आधी सलाईन देऊन पोराला त्या लायकीचं करावं लागेल. इतकं सुकेपर्यंत थांबलात कशाला? कोणी सांगितलं थांबायला?"

शेठ जमिनीकडे पाहत राहिले. पानबाईंनी तोंड फिरवलं. मी मनातल्या मनात विनवत होते, आत्याबाई, गप्प बसा.

"मी सांगेल व्हतं, डाक्टरसाहेब."

डॉक्टर काहीतरी जहाल बोलणार होते. लाडकुंवर मध्येच म्हणाली, "आणि आज इथे आणलं तेही यांनीच." डॉक्टरांनी एकदा आत्याबाईंकडे पाहिलं आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पोर वाचलं. नर्सने चमच्याने दिलेलं दूध पोटात राहिलं, तेव्हा लाडकुंवर हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. आत्याबाई व्हरांड्यात जमिनीवर बसल्या होत्या. बातमी ऐकून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग पदर खोचून आत जायला उठल्या, तर दारात पानबाई.

"बघायचं असेल तर लांबून बघ," पानबाई म्हणाल्या. "माझ्या नातवाला आता तुझा हात लागणार नाही."

आत्याबाईंनी दारातूनच पाहिलं आणि मला म्हणाल्या, "चाल इंदिरा, गाडीनी येळ व्हयनी."

पॅसेंजरमध्ये मी फुटलेच. "कशाला म्हणालात 'माझी चूक'? नुसतं म्हणायचं, गाठ लागली, डॉक्टरकडे न्या. गावभर होणार आता!"

"नुसतं सांगतू, ते तिनी मानं नसतं. तिना मनावर विश्वास व्हता. तो आधी मोडना पडना, तवय ती सरकनी." मग खिडकीबाहेर पाहत, "नी चूक ते व्हयेलच शे वं. दुसराले कशी देऊ?"

गावभर झालंच. गाव काय, निम्मं ऐकतं आणि दुप्पट सांगतं. द्रौपदाबाईच्या हाताखाली शेठचं पोर मरायला टेकलं होतं, ती स्वतःच कबूल झाली, एवढंच उरलं. वाचलं कुणामुळे, ते गळून पडलं. एकेक घर तुटत गेलं. भडगाव रोडवरच्या एका बाईने तर निरोप पाठवला, आमचं पोर आता बरं आहे, येऊ नका. ते पोर तिच्या कडेवर ओकताना मी स्वतः पाहिलं होतं. मी त्या बाईचा ब्लाऊज मुद्दाम आखूड शिवला. आत्याबाईंना कळलं तेव्हा त्यांनी मला तो उसवायला लावला.

तोरा मात्र तसाच. जी थोडी घरं उरली, तिथे त्या आधी पोटाला हात लावायच्या आणि आईला बजावायच्या, "पोऱ्या दूध जोरबन टाकाले लागना, नी वजन उतरनं, ते मनाकडे नको येऊ. सीधी डाक्टरकडे जाय. मी शिकेल शे, तू बी शिक." चूकसुद्धा त्या मिरवून सांगायच्या. अशी बाई!

दोन-अडीच महिन्यांनी पानबाईंकडून बोलावणं आलं. नातवाचं नाव ठेवायचं होतं. आम्हा दोघींना मानाने बसवलं, आत्याबाईंना लुगडं दिलं. पण न्हाऊ घालायला पाटावर दुसरी बाई, भिकुबाई नावाची, जामनेरकडून आणलेली. डॉक्टरांनी हलकी मालिश चालेल म्हणून सांगितलं होतं. पोर चांगलं गुबगुबीत झालं होतं. पोटावर उजवीकडे आडवा व्रण.

भिकुबाईने त्याला पायांवर पालथं घेतलं आणि पाठीवरून कणीक मळावी तसा हात फिरवला. पोराने पाठीची कमान केली, किंचाळलं, तोंडातून दुधाची गुळणी आली. लाडकुंवर अर्धी उठली. पानबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

मला वाटलं, आता आत्याबाई चार शब्द सुनावणार आणि पोर ओढून घेणार. माझी तर तीच इच्छा होती. त्या उठल्या, लुगडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि भिकुबाईच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसल्या.

"बाई, हातनं वजन जास्ती व्हयनं," त्या इतक्या मऊ आवाजात म्हणाल्या, की तो त्यांचाच आवाज आहे का असं मला वाटलं. "राग नको मानू. कितलं पाहिजे, ते सांगता येत नही. दखाडनं पडस."

भिकुबाईने पानबाईंकडे पाहिलं. पानबाईंनी अडवलं नाही. मग तिने हात सैल सोडला.

आत्याबाईंनी आपला तळवा तिच्या हाताच्या पाठीवर ठेवला. बोटांवर बोटं. आणि तो हात मानेपासून खाली उतरवत नेला, सावकाश, मणक्याच्या दोन्ही अंगांनी. पोराची कमान हळूहळू सुटली. त्याने मूठ तोंडात घातली.

"आसं," आत्याबाई म्हणाल्या. "परत."

परत हात वर गेला, परत खाली आला. भिकुबाईचा हात पोराच्या पाठीवर आणि आत्याबाईंचा भिकुबाईच्या हातावर. पोराला आत्याबाईंचा हात लागला नाही.