मेलेला मरळ आणि सरजाबाईचं पोतं

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी देगलूरच्या एका गल्लीत मेलेला मासा जिवंत झाला. साक्षीदार शंभरावर. त्यातल्या एकानंही जन्मात मासा विकत घेतलेला नव्हता. गल्ली लिंगायत व्यापाऱ्यांची, तिथं मासळीचा वासही कधी शिरला नाही. प्राणदाते महाराजांनी ती नेमकी हेरली होती.

पुढच्या रांगेत डाळीचा व्यापारी संगमेश होता, मांडीवर त्याची नऊ वर्षांची लेक अक्षरा. तिला रोज इन्सुलिन लागे. महाराजांनी ते रविवारी बंद करवलं होतं. आज ती सकाळपासून ओकत होती.

"विष बाहेर पडतंय," महाराजांनी संगमेशला धीर दिला. मग गारठलेला, निपचित मासा सगळ्यांना दाखवला. "दोन तास झाले, पाणी न्हाई, प्राण न्हाई. गेला कैलासाला! बोलावू परत?"

"बोलवा!"

मासा कोमट पाण्याच्या घंगाळात गेला, मंत्र झाला आणि शेपटीचा असा फटका बसला की पहिली रांग भिजली. संगमेशच्या आईनं, गुरम्मानं, ते पाणी डोळ्यांना लावलं.

"म्हाराज, माझं पोतं द्या की," मंडपाच्या दारातून आवाज आला. बाजारातली मासेवाली सरजाबाई होती.

"कसलं पोतं?"

"सकाळी मरळ बांधून दिला त्ये. वर बर्फ बी मागून घेतला व्हता."

कुणीतरी हसलं. महाराज गरजले, "मूर्ख बाई! मेलेला उठवलाय मी!"

"मेला कवा व्हता? मरळ हाय त्यो. ओल्या पोत्यात दिवसभर ऱ्हातो. मी रोज तसाच आणते." तिनं पाटीतला मेलेला रोहू पुढं केला. "ह्यो बी सकाळचाच हाय. उठवा."

महाराजांना एकाएकी जपाची वेळ आठवली.

मरळाच्या कल्ल्यांवर हवेचा कप्पा असतो. तो तोंड वर काढून थेट हवा घेतो. पाण्याबाहेर, अंग ओलं असलं की, तासन्‌तास तगतो. बर्फानं सुस्तावतो, कोमट पाण्यात उसळतो. एवढाच मंत्र. रोहूजवळ तो कप्पा नाही.

"अव्वा, सुया कुठं ठेवल्यास?" संगमेशनं आईला विचारलं. गुरम्मानं नातीकडं बोट दाखवलं. अक्षराचा श्वास धापेनं चालला होता, हाका मारूनही ती डोळे उघडत नव्हती.

"सुया ऱ्हाऊ द्या, दवाखान्यात पळा!" सरजाबाई ओरडली. "मरळाचा नर पिल्लं राखतो, अप्पा. बेडूक, मासा, काय बी जवळ आलं तर अंगावर धावतो. तुमी काय करून राहिलात?"

संगमेश पोरीला उचलून रिक्षाकडं धावला.

चमत्कार पाहायचाच असेल तर तो ज्याला रोजचा आहे, त्याला आधी विचारावं. मासा असेल तर मासेवालीला, आजार असेल तर डॉक्टरला. आणि इन्सुलिन कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये.

दुपारी गल्लीतल्या दोघांनी महाराजांना निलंग्याच्या एसटीत पाहिलं. काखेत ओलं पोतं होतं.

बुधवारी सकाळी नऊपर्यंत दवाखान्यात अक्षराच्या रक्तातली साखर उतरू लागली होती. पण तिनं अजून डोळे उघडले नव्हते.