तात्यांच्या गरम हौदाचा पंप

मित्रांनो, तामलवाडीच्या शिवारात एका मळ्यावर कांद्याची चाळ आहे. तिच्या कोपऱ्यात, द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटमागे मी पडलेला असतो. मी एक पंप आहे, जुना आणि आता निकामी. विहिरीवरचा नव्हे हं! विहिरीवरचे पंप रांगडे. पाणी एकदा वर फेकलं की त्यांना पुढची फिकीर नसते. मी पोहण्याच्या हौदाचा पंप. तेच पाणी ओढायचं, वाळूच्या फिल्टरमधून गाळायचं आणि परत हौदात सोडायचं. या कामाचा मला थोडा तोराही होता, कशाला लपवू?

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथं माझ्यात पाणी भरलं, थेंबभरही गळत नाही हे पाहिलं आणि मला खोक्यात घातलं. ते खोकं उघडलं ते थेट या मळ्यावर, दिग्विजयच्या हातांनी.

दिग्विजय या मळ्याचा मालक. त्याच्या वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं आणि उजवी बाजू लुळी पडली होती. गरम पाण्यात उभं राहून व्यायाम केला तर पायात बळ येईल, असं डॉक्टर म्हणाले. सोलापूरला रोज जाणं-येणं तात्यांना झेपेना. म्हणून दिग्विजयनं घरामागं एक लहानसा पोहण्याचा हौद बांधला आणि त्याला लागून गरम पाण्याचा छोटा हौद. त्या गरम हौदाच्या भिंतीत तोट्या होत्या. त्यांतून सुटलेली धार तात्यांच्या पिंढरीवर जोरात बसायची. तो जोर माझा.

गावात कुजबुज झालीच. "लोकांला प्यायला टँकर, आन ह्यांला डुंबायला हौद!" लोकांचंही काही चुकत नव्हतं. पण तात्यांना डुंबायची हौस नव्हती. व्यायाम करून घेणाऱ्या सुनेला, शिवांजलीला, ते म्हणायचे, "पोरी, मला काय पळायचं न्हाय. कुनाच्या खांद्याबिगर मोरीपर्यंत जाता यावं, बास." एवढा मळा उभा करणारा माणूस आणि मागणं एवढंसं! सकाळी मुलाच्या खांद्यावर हात टाकून मोरीकडं जाताना त्यांची मान खाली असायची. ते पाहून माझ्यासारख्या यंत्रालाही वाईट वाटायचं.

पहिलं वर्ष माझ्या आयुष्यातलं सोन्याचं वर्ष. आधी तात्यांच्या पायाची बोटं हलली. मग टाच टेकायला लागली. तात्यांना घाई फार. शिवांजली हसून म्हणायची, "तात्या, पी हळद अन् हो गोरी, असं नसतंय." मग एके दिवशी तात्यांनी पाण्यात कठडा सोडला आणि आधाराशिवाय पाऊल टाकलं. काठावर बसलेल्या त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, पदर डोळ्यांना लावला. बाहेर आल्यावर तात्या माझ्या खोलीपाशी थांबले आणि डाव्या हातानं मला थोपटून म्हणाले, "ह्याच्यात लई जीव हाय." मित्रांनो, अशी शाबासकी सगळ्याच पंपांच्या नशिबी नसते.

आता द्वारकाबाईंविषयी सांगतो. त्यांची धाकटी बहीण लहानपणीच माहेरच्या विहिरीत बुडून गेली होती. पाण्यात साती आसरा राहतात, त्यांचा मान ठेवला नाही तर त्या माणूस ओढून नेतात, हे त्यांच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलेलं. हौद भरला त्या दिवशीच त्यांनी काठाला हळदीकुंकू लावलं आणि पाण्यात तांदूळ, फुलं आणि नाडापुडीतला लाल-पिवळा नाडा सोडला. दिग्विजय पाहुण्यांदेखत ओरडला, "आई, ही काय इहीर हाय का? यात कायबी टाकायचं न्हाय. पुन्हा दिसलं तर बघ!"

त्यांनी तरंगणारी फुलं वेचून घेतली. पण नवरा त्याच पाण्यात उतरणार होता ना! मग त्या दर मंगळवारी आणि शुक्रवारी, घरातली माणसं बागेकडं गेली की, हळूच यायच्या. चिमूटभर तांदूळ, नाड्याचे चार तुकडे. हात जोडून पुटपुटायच्या, "बायांनो, त्यांच्या पायात बळ द्या." पाणी माझ्याकडं येताना कचरा अडवायला वाटेत जाळीची एक टोपली असते; तिच्यात काही अडकलं तर ते काढून झाडाच्या बुडात टाकायच्या, म्हणजे कुणाला दिसू नये. पण नाड्याचे सुटे धागे टोपलीच्या जाळीतून निसटून माझ्यात यायचे. माझ्या पोटात पाणी ढकलणारा एक पंखा आहे. धागे त्याच्याभोवती गुंडाळत गेले आणि भिजून फुगलेले तांदळाचे कण त्याच्या पात्यांमध्ये बसत गेले.

दुसऱ्या उन्हाळ्यात माझी धार मंदावली. तोट्यांतून पाणी नुसतं झुळझुळायला लागलं. शिवांजलीनं हौदाची पातळी पाहिली, ती बरोबर होती. टोपली पाहिली, ती स्वच्छ. दिग्विजयनं माझ्या झाकणाचं रबर बदललं, कुठून हवा ओढली जात असेल म्हणून. मग शहरातून दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं उलटं पाणी सोडून फिल्टर धुतला, तरी भागेना म्हणून वाळूच बदलली. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! फिल्टरवर दाबाचा काटा असतो. वाळू तुंबली तर तो वर चढतो. माझ्यापर्यंत पाणी पोचलं नाही, किंवा माझाच पंखा अडकला, तर तो खाली बसतो. काटा खाली बसलेला होता. तो सगळ्यांना दिसत होता, पण माझं पोट उघडावं असं कुणाला सुचलं नाही. मला बोलता येत नाही, मित्रांनो. मी फक्त घरघरत होतो.

आणि द्वारकाबाई? धार मंदावली म्हणजे आसरा रुसल्या, असं त्यांनी धरलं. मग मंगळवार-शुक्रवार राहिला नाही. त्या रोज यायला लागल्या. चिमटीची मूठ झाली. त्या माउलीनं जितक्या मायेनं घातलं, तितका माझा गळा आवळत गेला. मला त्यांचा राग कधीच आला नाही. रडू मात्र यायचं.

तात्यांचा पाय पुन्हा जड झाला. कठडा सोडला की गुडघा वाकायचा. एकदा ते पाण्यातच बसले. शिवांजलीनं त्यांना सावरलं. ते एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. पाण्यातबी जीव न्हाय, आन माझ्यातबी." दुसऱ्या दिवसापासून ते हौदाकडं यायला तयार होईनात.

दुरुस्तीवाला म्हणाला, "मोटार दमली, नवा पंप घ्या." मला सोडवून या चाळीत आणून टाकलं. नवा पंप यायच्या आतच तात्यांच्या अंगावरून दुसऱ्यांदा वारं गेलं. या वेळी ते वाचले नाहीत. शेवटपर्यंत ते मोरीपर्यंत एकटे जाऊ शकले नाहीत. पुढं नवा पंप आला, पण त्याचं खोकं कुणी उघडलं नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर एका दुपारी दिग्विजय चाळीत आला. माझे सुटे भाग ठिबकच्या कामाला येतील का, हे त्याला पाहायचं होतं. त्यानं बोल्ट काढले, माझं पोट उघडलं आणि तो तसाच खाली बसला. पंख्याभोवती लाल-पिवळ्या नाड्याचा घट्ट गोळा होता आणि त्यात आंबलेले तांदूळ. कुणी टाकले, हे त्याला विचारावं लागलं नाही. का लपवून टाकले, तेही त्याला आठवलं असावं. त्यानं कपाळ माझ्या थंड पत्र्याला टेकवलं आणि तो लहान पोरासारखा रडला.

तेवढ्यात दारातून द्वारकाबाईंचा आवाज आला. त्या चहा घेऊन आल्या होत्या.

"काय निगालं रं त्यात?"

त्यानं गोळा मुठीत दाबला. "गवत, आई. वाळकं गवत."

"गवत व्हय?" त्यांनी सुस्कारा सोडला. "मला वाटलं, माझंच काय कमी पडलं का काय. तुला सांगते, रागावू नगंस, म्या रोज घालत व्हते रं आसरांना. त्यांच्या पायासाठी."

"तुझं काय बी कमी पडलं न्हाय, आई," दिग्विजय म्हणाला. चहाची कपबशी त्यानं घेतली, पण त्याला तो पिता आला नाही.

मित्रांनो, पाण्याची धार मंदावली तर भलतीकडं कारण शोधत बसू नका. काटा काय सांगतो ते बघा आणि पंप आधी उघडा. पण हे झालं यंत्राचं. घरातलं एखादं माणूस गुपचूप काही करत असेल, तर त्याच्या मनात कसली तरी भीती असते. त्याच्यावर ओरडलात, तर भीती जात नाही, ती फक्त तुमच्यापासून लपते. त्याच्याजवळ बसा, विचारा. माझी आता कुणी निगा राखावी, असं माझं मागणं नाही. मी इथं बरा आहे. पण मनात राहून राहून येतं, की त्या पहिल्या दिवशी दिग्विजयनं काठावर नुसती एक परात ठेवून म्हटलं असतं, "आई, पाण्यात नको, हिच्यात वाहा," तर तात्या कदाचित मोरीपर्यंत आपल्या पायांनी गेले असते.