जावयाने नेलेलं माझं पुस्तक

मी एक जुना घरगुती कॉम्प्युटर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. जुनी छत्री, फुटकी घागर, शाळेची घंटा यांच्या कहाण्या तुम्ही वाचल्या असतील. सगळी कशी गोड बोलतात! झिजलो तरी धन्य झालो म्हणतात. मला तेही सुख नाही, कारण मला कुणी झिजूच दिलं नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. मस्कतला नोकरी करणाऱ्या खुशालभाऊंनी मला विकत घेतलं आणि १९८५ च्या दिवाळीत सानगडीला, मोठ्या भावाच्या म्हणजे इश्वररावांच्या घरी आणून ठेवलं. मी दिसायला साधाच, टाइपरायटरचा नुसता कळांचा भाग काढून ठेवल्यासारखा. टीव्हीला जोडलं की माझी अक्षरं पडद्यावर उमटत. टेपरेकॉर्डरला जोडलं की लिहिलेलं सगळं कॅसेटवर साठवून ठेवता येई. हे ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं दुखणं इथेच आहे. वीज गेली की माझ्यात लिहिलेलं मला काही म्हणता काही आठवत नाही; कानावर पडलेलं तेवढं राहतं. आमची जातच तशी. आठवण ठेवायची तर ती कॅसेटवर.

माझ्या खोक्यात एक जाडजूड पुस्तक होतं. तार कोणत्या भोकात घालायची, कोणती आज्ञा दिली की मी काय करतो, सगळं त्यात. ते पुस्तक वाचायला बसली घरातली एकच व्यक्ती, इश्वररावांची बायको निर्मलाबाई. लग्नाआधी ती गणित घेऊन बी. एस्सी. झाली होती, आणि लग्नानंतर ते गणित दुधाच्या हिशेबापुरतं उरलं होतं. चूल आवरली की ती पुस्तक मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसे. अर्धं पुस्तक तिने दिवाळीच्या धांदलीतच संपवलं.

तेवढ्यात भाऊबीज आली. घरची लेक, इश्वररावांची बहीण शकुनबाई, भंडाऱ्याहून माहेरी आली आणि सोबत जावई परसराम. त्यांनी पुस्तक चाळलं आणि म्हणाले, "वाचून लगेच धाडून देतो." निर्मलाबाईने तोंड उघडण्याआधीच सासूबाईंनी, गोदावरीबाईंनी, ते नव्या कापडात गुंडाळून जावयाच्या हाती दिलं. वर कुंकू! मित्रांनो, माझी जीभ कापून ओवाळून दिली.

आता निर्मलाबाई काय करत होती ते ऐका. गावच्या तलावाचं पाणी धान लोंबीवर आलं की पाटाने सोडतात, आणि दरवर्षी त्यावरून काठ्या निघतात. तलावाजवळचे भरून घेतात, शेवटच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, कोरड्या राहतात. सगळ्यात शेवटची बांधी केशरबाईची. तिचा नवरा वारलेला, त्यामुळे तिच्या वतीने भांडायलाही कुणी नाही. कुणाची जमीन किती, तलावापासून लांब किती, यावरून प्रत्येकाची पाळी आणि तास ठरवून देणारा प्रोग्राम निर्मलाबाई लिहीत होती. दुपारभर लिहायची. मग वीज जायची, आणि मी कोरा. कॅसेटवर साठवायचं कसं, ते पुस्तकाच्या उरलेल्या अर्ध्यात होतं. ती अंदाजाने आज्ञा द्यायची, मी 'चूक' एवढंच दाखवायचो. बरोबर काय ते सांगायची मला सोय नव्हती. काय चीड यायची म्हणून सांगू!

"आई, जवाईबापूकडून पुस्तक मागवा ना," ती एकदा म्हणाली. "लाइन गेली का सारं पुसून जाते. मी रोज नव्यानं लिहून राहिली."

"जवायाले देल्लं वापस मांगतेत काय व?" गोदावरीबाई कडाडल्या. "लोकं काय म्हनतीन?"

इश्वरराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "कायले बात वाढवून राहिली? जाऊ दे ना."

जाऊ दे! घरोघरी हेच. खुशालभाऊंनी कळवलं की ते मॉडेलच बंद झालं, पुस्तक मिळत नाही. शेवटी पुढच्या पावसाळ्यात निर्मलाबाई एसटीने एकटी भंडाऱ्याला गेली. दुकानांत गाइडं होती, पंचांगं होती, माझं पुस्तक कुठून असणार? कॉलेजातले सर म्हणाले, आमची मशीन वेगळी, तुमच्या मशीनचं आम्हाला काही कळत नाही. मग ती पदर खोचून थेट जावयाच्या दारात गेली. पुढचं तिने केशरबाईला माझ्यासमोर बसून सांगितलं.

पुस्तक दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये होतं, काचेआड, आल्यागेल्याला दिसेल असं. परसराम पाहुण्यांना सांगत, आपण कॉम्प्युटर शिकून राहिलो. निर्मलाबाईने पाहुण्यांदेखतच हात पुढे केला. "जवाईबापू, माहं पुस्तक द्या." त्यांनी हसत पुस्तक ओढलं. कव्हर चकचकीत हातात आलं, आतली पानं मातीसारखी खाली पडली. भिंतीच्या ओलीने उधई, म्हणजे वाळवी, लागली होती. नेल्यापासून एक पानही त्यांनी उलटलं नव्हतं. वाचून फाडलं असतं तर मी माफ केलं असतं, देवाशपथ!

आश्विन लागताच आमच्या ओसरीवर गावची पाण्याची बैठक बसली. सकाळपासून निर्मलाबाईने पुन्हा सगळं लिहून काढलं, ह्या वेळी एकदाही न अडखळता. टीव्हीवर नावं उमटू लागली. पहिली पाळी सगळ्यात लांबच्या केशरबाईची. मग एकेक नाव, आणि मध्येच वीज गेली. पडदा काळा झाला.

"झालं! मशीन मेली," तलावाजवळ बांधी असलेला भैय्यालाल हसत उठला. "आता आपल्या रीतीनंच पानी घेऊ."

"बसा भाऊ," दारातून निर्मलाबाई म्हणाली. "मशीन मेली, मी जिती हाओ." आणि तिने उरलेली नावं, पाळी, तास, सगळं तोंडपाठ सांगितलं. कुणी मध्येच आपले तास विचारले तर तिथून मागेपुढे करून सांगितलं. भैय्यालाल खाली बसला. त्या वर्षी केशरबाईच्या बांधीत पाणी पोचलं.

दसऱ्याला गावाने माझ्यापुढे नारळ फोडला. "कॉम्प्युटरनं न्याय केला," म्हणाले. गोदावरीबाईंनी कुंकू लावलं, अक्षता माझ्या कळांच्या फटीत गेल्या, आणि तेव्हापासून माझ्या दोन कळा दबत नाहीत. निर्मलाबाई मागे उभी राहून प्रसादाचं खोबरं कापत होती.

मित्रांनो, मला धुपारे नकोत. पुस्तक नेलंत तर परत करा. कुणी नेलं असेल तर तोंड उघडून मागा, समोर जावई असला तरी. आठवण ठेवायला मला घरात आणलं होतं, आणि सगळं पाठ करावं लागलं ते त्या बाईला. तो नारळ माझा नव्हता.