सगळ्या गावाची फुंकर

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातली रबरी ट्यूब मी. काळी, जाडजूड, अंगभर ठिगळं मिरवणारी. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल, कारण आम्हा ट्यूबांचा जन्म टायरच्या पोटात जातो. नांगरट झाली, मळणी झाली, कौतुक सगळं टायरचं. काटा घुसला की मग आमची आठवण, तीही शिव्यांसकट.

इजिप्तमधल्या दमनहूर शहराजवळच्या एका गावात मेतवल्ली नावाच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला मी अशीच राबले. ठिगळावर ठिगळ चढू लागलं, तेव्हा त्याने मला काढून गोठ्यात टांगलं. म्हशीच्या शेपटीचे फटके खात मी लोंबकळत होते. वाटलं, संपलं आपलं.

तेवढ्यात गावाची सहल ठरली. दर उन्हाळ्यात आमचं गाव बस करून इस्कंदरियाला जातं. तुमच्या नकाशात तिला अलेक्झांड्रिया म्हणतात. आदल्या दिवशी घरोघरी द्राक्षाच्या पानांत भात भरून पातेली रचतात आणि कुणालाच झोप लागत नाही. मेतवल्लीची मावशी, खाला नगफा, दर वर्षी जायची आणि दर वर्षी वाळूत बसून सगळ्यांच्या चपला राखायची. तिचे गुडघे अधू. लाटेत उभं राहायची सोय नाही. त्या वर्षी मात्र तिने भाच्याला धरलं.

"मेतवल्ली, पुढल्या वर्षी हे गुडघे मला बसची पायरीही चढू देणार नाहीत. एकदा मला समुद्रात बसव."

"बसवतो, खाला. तुझी शपथ."

बसवायचं कशात? तर माझ्यात! काय सांगू मित्रांनो, माझं म्हातारं रबर मोहरून गेलं.

इथेच मेतवल्लीने घोळ घातला. शेतकऱ्याचा हात तो. बाहेरून टायर नाही हे विसरून त्याने पंक्चरवाल्याकडे मला नांगरटीला भरतात तसं टम्म भरलं. मी काही बसच्या दारातून आत जाईना. मग मला टपावर चढवून टरबुजांच्या शेजारी आवळून बांधलं. आयुष्यभर मी रस्ते तुडवले, पण रस्ता दिसला तो त्या दिवशी! आत बायका टाळ्या पिटून गात होत्या आणि वर मी वारा खात होते.

मग ऊन चढलं. मी तापले, ताणले, ठिगळं कुरकुरू लागली. चहाला बस थांबली, तेव्हा ड्रायव्हर उस्ता, म्हणजे उस्ताद, शहाता वर चढला आणि मला हात लावताच चटका बसून खाली उतरला.

"मेतवल्ली, तुझी म्हैस वर फुगलीय. फुटली तर काचा तू भरणार का?"

"थोडी हवा सोडतो, उस्ता. त्यात काय एवढं."

घाईघाईत त्याने आत हवा अडवून धरणारी वॉल्वची पिनच फिरवली. आत हवेचा केवढा रेटा! पिन उडाली ती थेट रस्त्याकडेच्या कालव्यात. मी फुस्स झाले. बसमधलं गाणंही थांबलं.

खालाची शेजारीण रौहिया खिडकीतून म्हणाली, "शाब्बास रे वाघा. आता मावशीला टरबुजावर बसव."

खालाने मांडीवरचं पातेलं जरा जवळ ओढून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि समुद्र आला. मित्रांनो, एवढं पाणी, आणि नांगरायला कुणी नाही! सगळे कपड्यांनिशी आत धावले. खाला चपला गोळा करायला बसली. किनाऱ्यावर पंप होते, पण पिनेशिवाय पंप काय कामाचा? शेवटी मेतवल्ली वाळूत मांडी ठोकून बसला, वॉल्व तोंडात धरला आणि फुंकू लागला. त्याचा चेहरा टोमॅटो झाला, मी मात्र तशीच.

"हुक्क्याने छाती खाल्लीय तुझी. सरक," म्हणत शहाता बसला. मग भोकावर अंगठा दाबून पुढचा, मग त्याच्या पुढचा. ओलेचिंब लोक पाण्यातून बाहेर येऊन रांगेत उभे राहिले. कुणाच्या श्वासाला कांद्याचा वास, कुणाच्या पुदिन्याच्या चहाचा. लाजरी नवी सूनही पदराआडून फुंकून गेली. मी फुगत चालले, आणि आनंदाने की हवेने ते मलाच कळेना.

"आता माझा अंगठा काय इथेच कापून ठेवू?" शहाताने विचारलं.

रौहियाने गावापासून चघळत आणलेलं च्युइंगम तोंडातून काढलं, भोकात ठोसलं आणि वर टोपण आवळलं. "घे खाला. माझ्या दातांची कमाई."

खालाला माझ्यात बसवून चौघांनी आत नेलं. पहिली लाट आली, तशी ती किंचाळली. दुसरीला हसली. तिसरीनंतर तिने मेतवल्लीचा हात सोडला.

"अगं, चपला कोण बघतंय?" तिने आतून हाक दिली.

"जाऊ देत चोरीला," रौहिया म्हणाली.

म्हटल्याप्रमाणे पुढल्या वर्षी खालाला पायरी चढवेना. मी तिच्या खाटेशेजारी टांगलेली असते. मेतवल्ली नवी पिन घेऊन आला होता. "खाला, ही हवा काढून नीट भरून देतो."

"हात लावू नकोस. सगळं गाव आहे त्यात."

मित्रांनो, जुनी ट्यूब दिसली तर जाळू नका, एक ठिगळ लावून बघा. आणि तुमच्या सहलीत दर वेळी एकच माणूस चपला राखत बसत असेल, तर पाण्यातून एकदा मागे वळून बघा.

मी हळूहळू मऊ पडतेय. खाला रोज अंगठ्याने मला दाबून बघते आणि हसते. गाव अजून आहे.