चौकोनातले बाबा

मी एक जुना व्हीसीआर आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने पक्का संशयी आहे. कारखान्यातून नुकताच एका घरी आलो होतो, तेव्हा तिथल्या चिमुरडीने माझ्या तोंडात कॅसेटऐवजी बिस्किट सरकवले. तेव्हापासून कोण काय भरवतो आहे, याकडे माझे बारीक लक्ष असते.

त्या घरात माझे फार लाड झाले. मग घरच्यांची हौस फिटली आणि मी माळ्यावर गेलो. शेवटी एका दुकानदाराने मला आणले. जुन्या कॅसेटमधले चित्र कॉम्प्युटरवर उतरवून देणे हा त्याचा धंदा. मी कॅसेट चालवायची, बाकीचे काम कॉम्प्युटरवर त्याची पुतणी करायची. दारावर पाटी होती, 'जुने द्या, एचडी घ्या.'

ती पाटी मला पहिल्या दिवसापासून खटकली. माझ्या चित्रात आडव्या रेषा पाचशे शहात्तर आणि आकार जवळजवळ चौकोनी. एचडीत रेषा एक हजार ऐंशी आणि पडदा लांबट. मुळातच एचडीत टिपलेले चित्र खरोखर बारकाईचे असते, हे मी मान्य करतो. पण मी देतो पाचशे शहात्तर, मग जास्तीच्या रेषा येतात कुठून? मी लक्ष ठेवले. कॉम्प्युटर शेजारचे ठिपके बघून अंदाजाने मधले भरत होता! शिवाय पुतणी चित्र दोन्ही बाजूंनी ताणायची.

"कडेला काळ्या पट्ट्या राहिल्या, की गिऱ्हाईक म्हणतं चित्र कापलंत," ती म्हणायची.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक ताई कॅसेट घेऊन आल्या. त्यांचे वडील वारले होते. चालतेबोलते ते फक्त या कॅसेटमध्ये होते, तेही अकरा सेकंद. चित्र उतरवून झाल्यावर ताई म्हणाल्या, "कॅसेट टाकून द्या, घरात जागा नाही." मी ती सोडलीच नाही. कॅसेट बाहेर ढकलणारा माझा रबरी पट्टा झिजला होता म्हणा, पण मला नव्या चित्राचा संशय आला होता, हेही खरे. दुकानदार वैतागून म्हणाला, "राहू दे, नंतर बघू."

चार दिवसांनी ताई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आल्या. ताईंचा चेहरा पार उतरलेला.

"आई बाबांना ओळखतच नाही हो. 'हा कोण?' म्हणते. तिला आता डॉक्टरांकडे न्यावं लागणार."

"मला काही झालेलं नाही," त्या आजी म्हणाल्या. "तो माणूस ते नव्हेत."

पुतणी लगेच उठली. मग तिने मला जुन्या चौकोनी टीव्हीला जोडले. मी जीव मुठीत धरून कॅसेट फिरवली. चित्र थरथरले, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि एक सडपातळ माणूस हसला. त्याच्या भुवईवर जखमेची खूण होती. एचडीत तो गुबगुबीत झाला होता आणि खूण कॉम्प्युटरने डाग समजून पुसली होती.

आजी पुढे सरकल्या. "हे बघ, हे! किती वाळलेत. वेळेवर जेवतील तर शपथ."

ताईंनी आईचा हात घट्ट धरला. "चुकलंच माझं, आई," म्हणाल्या आणि रडू लागल्या.

मित्रांनो, चित्र कितीही लख्ख असले, तरी कॅसेट टाकण्याआधी ते अशा माणसाला दाखवा, ज्याने तो चेहरा रोज पाहिला आहे. आणि तो माणूस 'हा कोण?' म्हणाला, तर संशय आधी चित्रावर घ्या.