आकिबने न बांधलेली पट्टी

गोंडपिपरीचा आकिब शेख तिसऱ्या वर्षी कबड्डीच्या लीगमध्ये पहिल्या सातात खेळू लागला. जागा डाव्या कोपऱ्याची. चढाईवाल्याचा घोटा त्याच्या हाती लागला की सुटत नसे. हे त्याला रीतानं शिकवलं होतं. रीता पोंभुर्ण्याकडच्या खेड्यातली, शिकायला मामाकडे गोंडपिपरीला राहायची. मुलींचा संघ पुरा होत नसे, म्हणून ती पोरांत खेळायची आणि दोन वर्षांनी लहान असलेल्या आकिबला रोज संध्याकाळी मातीत लोळवायची.

पुढे ती राज्याच्या शिबिरात गेली. तिथला प्रशिक्षक दुखणं पाहतो म्हणून मुलींना एकेकटीला खोलीवर बोलवायचा. गेल्या उन्हाळ्यात रीतानं आणि आणखी दोघींनी त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार दिली. तिघी शिबिराबाहेर झाल्या, प्रशिक्षक जागेवरच राहिला.

ही बातमी लीगमध्ये पोचली. आकिबच्या संघाचा कप्तान हरियाणाचा, त्याची बहीणही कबड्डी खेळणारी. रविवारच्या सामन्यात सगळ्यांनी दंडाला काळी पट्टी बांधायची, असं त्यानं सुचवलं. पहिला हात आकिबनं वर केला. त्याच दिवशी त्यानं रीताला फोन लावला.

"रविवारी टीव्ही लावजो. तुमच्यासाठी पट्टी बांधून राह्यलो आमी."

रीता म्हणाली, "गावातल्या साऱ्याइले सांगीन."

रविवारी सामन्याआधी व्यवस्थापक खोलीत आले. आवाजसुद्धा चढवला नाही. "ज्याला बांधायची त्यानं बांधा. फक्त पुढच्या मोसमाचे करार याच आठवड्यात ठरतायत, एवढं ध्यानात ठेवा."

सातांपैकी चौघांनी पट्टी बांधली. आकिबनं आपली घडी करून बॅगेत टाकली. मध्यंतरानंतर बांधू, असं मनाशी म्हणाला, आणि मध्यंतरात बॅगेकडे गेलाच नाही.

त्या संध्याकाळी तो फार चांगला खेळला. सहा पकडी. सामना संपल्यावर त्याच्यासमोर माईक आला. निवेदिकेनं विचारलं, "तुमच्या काही साथीदारांनी काळी पट्टी बांधली होती. कशासाठी?"

"ते त्यांचं वैयक्तिक आहे," आकिब म्हणाला. "माझं लक्ष खेळावर असतं." आणि तो हसला.

त्याला करार मिळाला. कप्तानाला मिळाला नाही.

मोसम संपवून तो घरी आला. त्याची आई, शमसुन्निसा, बायकांचे कपडे शिवायची. जेवायला वाढताना ती म्हणाली, "गिरजाबाई आयी थी. रीता की माँ. ब्लाउज का कपडा वापस ले गयी."

"क्यों?"

"मैंने पूछा नहीं," आई म्हणाली. "टीव्ही तो मैंने भी देखी थी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं मोटारसायकल काढली. मोहाची फुलं पडायचे दिवस होते. रीताच्या गावाबाहेर झाडाखाली ती आणि गिरजाबाई ती वेचत होत्या. त्याला पाहून गिरजाबाईनं टोपलं उचललं आणि ती दुसऱ्या झाडाखाली गेली.

"मी चुकलो," आकिब म्हणाला.

"पट्टीचं सोड. दुसऱ्याइनंबी नाई बांधली, त्याइचा राग नाई मले." रीताचे हात थांबले नव्हते. "तू बोलला काऊन तसा? वैयक्तिक म्हणे! समाजमंदिरात टीव्ही लावला होता. सारे मायाकडे पाहून राह्यले होते."

"भेव वाटलं. करार जाईन वाटलं."

"गेला काय?"

"नाई."

"मंग झालं."

तिनं टोमणा मारला असता तर त्याला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "आता मी काय करू, सांग."

रीतानं पहिल्यांदाच मान वर केली. "मी त्याच्या खोलीतून पळत आली, त्या दिवशी वऱ्हांड्यात कोण होतं?"

आकिबची नजर खाली गेली. दोन वर्षांपूर्वी पोरांचंही शिबिर तिथंच होतं. वऱ्हांड्यात तिला पाण्याचा ग्लास त्यानंच दिला होता. काय झालं, हे त्यानं विचारलं नव्हतं, कारण विचारायची गरज नव्हती.

"तक्रारीत तुयं नाव नाई टाकलं मी," ती म्हणाली. "वाटलं, तू आपल्या मनानं बोलशीन. सोमवारी चंद्रपूरले चौकशी हाये."

सोमवारी तो गेला. चौकशी समितीतल्या बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "दोन वर्षं गप्प का राहिलात?"

"मला संघात जागा पाहिजे होती," तो म्हणाला. त्यांनी तेही लिहून घेतलं.

चार महिन्यांनी प्रशिक्षकाला काढलं. पेपरात मोठ्या अक्षरांत आलं, 'लीगच्या खेळाडूची धाडसी साक्ष'. सोबत आकिबचा फोटो. तिघी मुलींचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता. रीताला शिबिरात परत घेतलं नाही. वय उलटलं, असं कारण दिलं.

गोंडपिपरीत त्याचा सत्कार ठरला. नको म्हणूनही कोणी ऐकेना. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, धाडसी हा शब्द पाच-सहा वेळा आला. मग आकिब बोलायला उठला. वऱ्हांडा, पट्टी, माईकसमोरचं उत्तर, सगळं त्यानं सांगितलं. "धाडस रीतानं केलं. मी दोन वर्षं लपून होतो," म्हणून तो खाली बसला. टाळ्या वाजवाव्यात की नाही, लोकांना कळेना. शेजारचे अध्यक्ष पुटपुटले, "अबे, हे सांगाची काय गरज होती?"

रीता आली नव्हती. दोन दिवसांनी बसस्टँडवर भेटली. ती आता गावातल्या पोरींना शिकवायची, त्यांना सामन्याला घेऊन मूल गावाला निघाली होती.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "बरं केलं, आकिबभाऊ."

बस लागली. ती पोरींना मोजत आत चढली. आयुष्यभर ती त्याला आक्या म्हणत आली होती.