हातभर रिकामी जागा

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगाला भोकं आहेत. ती पाहून तुम्ही हसाल, याची मला खात्री आहे. माझं म्हणणं मला नीट मांडता येईल, याची मात्र अजिबात नाही.

कारखान्यात मला लाटून पातळ केलं, तेव्हा मी खट्टू झालो होतो. शेजारचा जाडजूड पत्रा अंतराळातल्या एका घराची भिंत होणार होता. मी त्या भिंतीच्या बाहेर, हातभर अंतर सोडून उभा राहणार होतो. तिथे उल्कांचे बारीक खडे बंदुकीच्या गोळीहून कितीतरी वेगाने येतात. खडा आपटला की मला भोक पडतं, पण खड्याचाही भुगा होतो. तो भुगा त्या हातभर जागेत पसरतो, त्याचा जोर विरतो आणि भिंतीवर नुसती काजळी उरते. फुटणं हेच माझं काम. त्यातलंही अर्धं काम त्या रिकाम्या जागेचं.

पण माणसांना रिकामी जागा बघवत नाही.

त्या घरात दोघं भावंडं राहत. दादाकडे घराची सगळी व्यवस्था होती. धाकटी बहीण अंतराळपोशाख चढवून बाहेरची दुरुस्ती करायची. घर म्हणजे काडेपेटी. दादाने सुट्या भागांच्या लोखंडी पेट्या बाहेर नेऊन माझ्या पाठीमागे कोंबल्या. बहिणीने हटकलं, तर म्हणाला, "आत पाय ठेवायला जागा नाही, आणि तू तिथे हवा साठवणार?"

"तिथे हवासुद्धा नाहीये, दादा."

दोघंही हसली आणि पेट्या तिथेच राहिल्या. मी ओरडणार कसा? पत्र्याला तोंड नसतं, भोकंच असतात.

एकदा ती काम आटोपून आत आली. पोशाख भिंतीवरच्या खुंटीला अडकवून दोन पावलं सरकली, तोच खडा आला. मी त्याचा भुगा केला, पण पसरायला जागाच नव्हती. पेटी फुटली, तिचा तुकडा भिंत भेदून पोशाखाच्या छातीतून आरपार गेला. हवा शिट्टी वाजवत बाहेर निघाली. दोघांनी धडपडत भिंतीला ठिगळ चिकटवलं. मग दादाने त्या पोशाखाच्या भोकात बोट घालून पाहिलं.

आणि बोलला काय? "पत्रा कुचकामी झालाय."

इतका राग मला खड्यांचाही कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी राखीव पोशाख चढवून बहिणीने त्याला बाहेर आणलं. जिथे पेट्या नव्हत्या, तिथलं माझं एक जुनं भोक दाखवून म्हणाली, "आता याच्या मागची भिंत बघ."

भिंतीवर फक्त काजळी होती. दादाने एकेक पेटी स्वतः काढून आत नेली आणि त्या दिवसापासून तो आपल्या पलंगावर पायथ्याशी त्या रचून पाय पोटाशी घेऊन झोपू लागला.

मी फार फाटलो होतो, म्हणून मला उतरवलं. आता मी एका प्रदर्शनात उभा आहे. मागे हातभर अंतरावर भिंतीचा तुकडाही ठेवलाय, मुलांना समजावं म्हणून. पण मुलं माझी भोकं मोजून पुढे जातात. आणि मधल्या जागेत सफाईवाल्या काकांनी झाडू, बादली आणि दोन मोडक्या खुर्च्या ठेवल्या आहेत.

मित्रांनो, माझी काळजी नाही घेतली तरी चालेल. पण इकडे आलात, तर तेवढा झाडू काढा. खुर्च्याही.